कोल्हापूर, 1 मार्च 1949 : एका विलीनीकरणाचं प्रकरण

‘कोल्हापूर स्वतंत्र राहिलं असतं का?’ हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सारख्याच जोमाने निघतो. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. छत्रपतींची गादी, शाहू महाराजांचं राज्य दिल्लीने गिळलं, असं एकाचं म्हणणं. राजेशाही होती, गेली, सुंठीवाचून खोकला गेला, असं दुसऱ्याचं. दोघं तावातावाने भांडतात, आणि दोघंही 15 ऑगस्ट 1947 आणि 1 मार्च 1949 या तारखांचा एकच गोळा करून टाकतात.

रविवारी काही मुलांना राज्यशास्त्र शिकवतो, त्यांच्यासाठी हे प्रकरण मांडलं होतं. तेच इथे सविस्तर लिहितो आहे. मोठ्या राजकीय संघात छोट्या राज्याने राहायचं की नाही, राहायचं तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न स्कॉटलंड-कॅटलोनियाच्या बातम्यांतून आपल्यापर्यंत येतो. पण त्याची एक पूर्ण झालेली केस आपल्या भवानी मंडपात पडून आहे आणि ती कोणी उघडून बघत नाही.

हातात मुळात काय होतं

‘स्वतंत्र कोल्हापूर’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर ताराराणी असतात. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर (म्हणजेच कोल्हापूर) ही दोन राज्यं वेगळी झाली, तेव्हाचं कोल्हापूर खरोखर आपल्या मनाचं राजं होतं. पुढचा हिशेब उतरणीचा आहे. 1812 च्या तहाने मालवण आणि सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरचा समुद्र सुटला. 1844 मध्ये सामानगडाच्या गडकऱ्यांनी उठाव केला, तो मोडल्यावर कारभारावर कंपनीची पकड घट्ट झाली. 1857 मध्ये इथल्या पलटणीने बंड केलं आणि महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांची रवानगी कराचीला झाली. शाहू महाराजांनी 1902 मध्ये 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, राधानगरीचं धरण हाती घेतलं, वसतिगृहं उभारली. हे सगळं त्यांनी केलं ते इंग्रज अधिकाऱ्याची नजर पाठीवर असताना. अंतर्गत कारभारात पुष्कळ मोकळीक होती. परराष्ट्र व्यवहार आणि युद्ध-तह यांत शून्य.

तेव्हा 1947 मध्ये कोल्हापूरकडून स्वातंत्र्य ‘हिरावून’ घेतलं, ही मांडणीच लंगडी आहे. उलट त्या वर्षी ते कायद्याने अचानक हाती आलं. भारतीय स्वातंत्र्य कायदा, 1947 च्या कलम 7 ने संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता संपवली. ती भारताला किंवा पाकिस्तानला वारशाने दिली नाही, नुसती संपवली. साडेपाचशेहून जास्त संस्थानं एका मध्यरात्री कागदावर मोकळी होणार होती. त्यांत कोल्हापूरही होतं.

आता नकाशा घ्या. सुमारे तीन हजार दोनशे चौरस मैलांचा मुलूख, 1941 च्या जनगणनेत जवळजवळ 11 लाख माणसं. पश्चिमेला सह्याद्री, पण घाट उतरून खाली जायचं तर हद्द संपलेली. रायबाग आणि कटकोळ हे तुकडे मुख्य संस्थानापासून तुटून पूर्वेला दुसऱ्यांच्या मुलखात. संस्थानाच्या पोटात पुन्हा विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिऱ्या, प्रत्येकीचा आपला थाट. संस्थानाने 1891 मध्ये स्वतःची रेल्वे सुरू केली खरी, पण ती जाऊन टेकत होती मिरजेला, म्हणजे तिथले राजे पटवर्धन यांच्या दारात. इचलकरंजीच्या मागांना लागणारं सूत असो की शाहूपुरीच्या पेठेतून बाहेर निघालेला गूळ असो, दुसऱ्याची हद्द ओलांडल्याशिवाय काहीच हलत नव्हतं. हैदराबादचा निजाम 82 हजार चौरस मैल आणि दीड कोटीवर रयत घेऊन बसला होता. त्याच्या हट्टामागे निदान आकार तरी होता.

दोन कागद

दिल्लीत 5 जुलै 1947 ला संस्थान खातं सुरू झालं. सरदार पटेल मंत्री, व्ही. पी. मेनन सचिव. 25 जुलैला माउंटबॅटन नरेंद्र मंडळासमोर, म्हणजे संस्थानिकांच्या परिषदेसमोर बोलले. संस्थानिकांपुढे ठेवलेला कागद होता सामीलनामा. त्यात मागणी तीनच विषयांची : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण. बाकी सगळं तुमच्याकडेच राहील. जमीन महसूल, पोलीस, कोर्ट, शाळा, जकात, सगळं. इंग्रजांच्या काळात या तीन गोष्टी संस्थानांकडे नव्हत्याच, त्यामुळे सही करताना हातचं काही जातंय असं फारसं कोणाला वाटलं नसावं. पटेल-मेनन जोडीची सगळी चलाखी या ‘तीनच’ मध्ये आहे. थोडं मागायचं, पण सगळ्यांकडून आणि मुदतीच्या आत.

कोल्हापूरची गादी त्या वेळी कशी होती, तेही पाहायला हवं. राजाराम महाराज 1940 मध्ये गेले. त्यांच्यामागे गादीवर आलेलं बाळ 1946 मध्ये वारलं. मधली वर्षं कारभार गादीच्या नावाने पण दुसऱ्यांच्या हातून चाललेला. 1947 मध्ये देवासहून शाहू महाराजांचे नातू दत्तक आले आणि शहाजी छत्रपती झाले. म्हणजे ज्या वर्षी दोनशे वर्षांतला सगळ्यात मोठा सौदा करायचा, त्याच वर्षी सौदा करणारा माणूस घरात नवा. याउलट त्रावणकोरकडे सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्यासारखा मुरलेला दिवाण होता, त्यांनी जूनमध्ये स्वातंत्र्याची घोषणाही केली होती. जुलैअखेर त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्रावणकोर वाटेवर आलं. तिथे ही गत, तर कोल्हापूरने कुठल्या जोरावर ताणून धरायचं?

कोल्हापूर भारतात सामील झालं. माझ्या मते यात दुसरा पर्यायच नव्हता आणि असता तरी तो घेणं शहाणपणाचं नव्हतं. यावर वर्गात फारसा वाद होत नाही.

वाद पुढे आहे. सामीलनाम्याने कोल्हापूर संपलं नाही. 15 ऑगस्ट 1947 नंतरही ते एक राज्य होतं, स्वतःचा महसूल, स्वतःचं हायकोर्ट, राजाराम रायफल्स ही स्वतःची पलटण असलेलं. ते संपलं दुसऱ्या कागदाने, विलीनीकरणाच्या करारनाम्याने. या करारांचा साचा ठरलेला होता : राजा आपल्या राज्याच्या कारभाराचे संपूर्ण अधिकार भारत सरकारच्या हवाली करतो. तीन विषय नाहीत, सगळेच. दोन कागदांमध्ये साडेअठरा महिने गेले आणि खरं प्रकरण त्या साडेअठरा महिन्यांतलं आहे.

लोकांना काय हवं होतं

हा भाग सगळ्यात अडचणीचा, कारण लोकांना कोणी विचारलंच नाही. जे दिसतं ते असं. 1939 पासून प्रजापरिषद काम करत होती, माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार हे तिचे पुढारी. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे कारभार करणारे लोकांनी निवडलेले असावेत आणि लोकांना जाब देणारे असावेत. या मागणीत संस्थान मोडा असं येत नाही, आणि संस्थान वेगळं ठेवा असंही येत नाही. आपण आज मागे वळून तिला ‘विलीनीकरणाची चळवळ’ म्हणतो, ते फार सोयीचं होतं. रत्नाप्पांचा कल पुढे विलीनीकरणाकडे होता, यात शंका नाही. पण परिषदेच्या मागे उभ्या राहिलेल्या प्रत्येक कुळाला आणि विणकराला आपलं राज्य मुंबई इलाख्यात जायला हवं होतं, हे कशावरून?

दुसऱ्या बाजूचीही तीच तऱ्हा. गादीबद्दल ओढ होती, आजही आहे. दसऱ्याला चौकात सोनं लुटायला लोटणारी गर्दी पाहिली की पटतं. पण मुजरा करणारा माणूस वेगळ्या राज्याच्याच बाजूने होता, असं धरून चालणं म्हणजे दुसऱ्या टोकाची लबाडी. शाहू महाराजांवर जीव टाकणारे कित्येक जण जहागीरदारांच्या जाचाने हैराण होते. त्यांना छत्रपती हवे होते, जहागिरी नको होत्या. हे मत कुठल्याही एका रकान्यात बसत नाही.

घटना समितीच्या मुंबईकडच्या संस्थानांच्या यादीत बॅ. बाळासाहेब खर्डेकर आणि रत्नाप्पा कुंभार ही दोन नावं सापडतात. हेच खर्डेकर 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत इथून अपक्ष म्हणून निवडून आले, काँग्रेसची लाट असताना. यावरून विलीनीकरणावरचा कौल काढू नये. कोल्हापूरचा माणूस दिल्लीच्या चिठ्ठीवर मत देत नव्हता, एवढंच यातून निघतं.

साडेअठरा महिने

1947 च्या अखेरीस कोल्हापुरात लोकप्रतिनिधींचं मंत्रिमंडळ आलं. जबाबदार राज्यपद्धती अखेर मिळाली म्हणायची. ती नीट उभी राहायच्या आत 30 जानेवारी 1948 उजाडला. गांधीजींच्या खुनानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर जे हल्ले झाले, त्यांत कोल्हापूरही होरपळलं. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. सरकार नावाची गोष्ट शहरात असताना हे झालं. चौकशीसाठी न्या. कोयाजी यांची समिती बसली, मंत्रिमंडळ गेलं आणि दिल्लीच्या सांगण्यावरून प्रशासक आला.

आमच्या चर्चांमध्ये हे पान भराभर उलटलं जातं. काहींना ते लाजिरवाणं वाटतं, काहींना गैरसोयीचं. पण माझं मत असं, की कोल्हापूरचा निकाल 1949 मध्ये लागलाच नाही, तो फेब्रुवारी 1948 मध्ये लागला. वेगळं राज्य चालवण्याचा हक्क सांगणाऱ्याने पहिली गोष्ट दाखवायची असते ती ही, की आपल्या हद्दीतल्या अल्पसंख्य माणसाचं घर आपण जळू देत नाही. ते दाखवता आलं नाही. दंगल मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांतही झाली, हे खरं. पण साताऱ्याच्या कलेक्टरने हात टेकले तर सातारा जिल्हा काही बरखास्त होत नाही. छोट्या राज्याला ती सवलत नसते.

त्यानंतर आजूबाजूची जमीन सरकत गेली. दक्षिणेतल्या काही राजांनी आपसांत एक संयुक्त संस्थान करण्याचा घाट घातला होता, तो तग धरू शकला नाही. 8 मार्च 1948 ला सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड, औंध, भोर, फलटण अशी सगळी दक्षिणी संस्थानं मुंबईत विलीन झाली. औंध त्यांत होतं, हे मला नेहमी लागतं. 1939 मध्येच स्वराज्याची घटना देऊन, गावपंचायतींकडे कारभार सोपवून बसलेलं संस्थान. चांगला कारभार केला म्हणून कोणी वाचलं नाही. कोल्हापूर तेवढं उरलं, चारी बाजूंनी मुंबई इलाख्याने वेढलेलं, वर प्रशासक बसलेला.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबादेत फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत कारभार आटोपला. त्यानंतर कोणत्याही संस्थानिकाशी दिल्लीचं बोलणं बरोबरीचं राहिलं नसणार, हे सांगायला कागद लागत नाही.

मग कोल्हापूरला आणखी वर्षभर का राहू दिलं? आकाराचं उत्तर पुरत नाही. अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषदेने 1939 च्या लुधियाना अधिवेशनात स्वतःच्या पायावर उभं राहू शकेल अशा संस्थानाचं माप ठरवलं होतं : 20 लाख लोकवस्ती, 50 लाख उत्पन्न. लोकवस्तीच्या मापात कोल्हापूर निम्म्यावर अडकतं. आणि माप ओलांडूनही काही उपयोग नव्हता, कारण कोल्हापूरहून कितीतरी मोठं बडोदं 1 मे 1949 ला विलीन झालंच. मला वाटतं, कारण गादीचं होतं. ही शिवछत्रपतींच्या घराण्याची गादी. ती सांगली-मिरजेच्या रांगेत उभी करून एका सहीत संपवली असती, तर महाराष्ट्रात त्याचे पडसाद कसे उमटले असते, हे पटेलांना समजत असणार. म्हणून आधी प्रशासक, मग थांबणं, मग बोलणी, मग करार. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर मुंबई प्रांतात गेलं. कायद्याची शिलाई आणखी काही महिने चालू होती. आधी भारत सरकारने आपल्याकडे आलेले अधिकार मुंबईकडे सोपवले आणि 1 ऑगस्ट 1949 पासून विलीन संस्थानांचा कारभार प्रांताचाच भाग असल्यासारखा चालवण्याचा हुकूम लागू झाला.

हे सामान्य माणसापर्यंत कसं पोचलं? माझ्याकडे गडहिंग्लजकडच्या एका शेताची दोन जुनी खरेदीखतं आहेत. पहिल्याच्या माथ्यावर करवीर सरकारचा स्टँप, खाली मोडीत मजकूर, दाबून मारलेला गोल शिक्का, शाई एका बाजूला फुटलेली. दुसरं काही वर्षांनंतरचं, मुंबई सरकारच्या स्टँपावर, बाळबोधीत. सर्व्हे नंबर तोच. चतुःसीमेत पूर्वेला तोच ओढा, दक्षिणेला त्याच भाऊबंदाचं शेत. लिहून देणाऱ्याच्या अंगठ्याखाली कारकुनाने ‘निशाणी अंगठा’ लिहिलंय, दोन्हीकडे सारखंच. या माणसाने आयुष्यात एक सार्वभौमत्व बदललं आणि त्याला त्याचा पत्ता लागला तो स्टँप विकत घेताना.

त्याच महिन्यात, दुसरीकडे

कोल्हापूरची तुलना नेहमी काश्मीर-हैदराबादशी होते आणि ती बसत नाही. मला बसणारी जोडी सापडली ती भलतीकडेच. उत्तर अटलांटिकमधलं न्यूफाउंडलंड. कोल्हापूर मुंबईत गेलं 1 मार्च 1949 ला, न्यूफाउंडलंड कॅनडात गेलं 31 मार्च 1949 ला. लोकवस्ती सव्वातीन लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. आधी ते स्वतःचं सरकार असलेलं डोमिनियन होतं. मंदीत कर्जाखाली बुडालं, 1934 मध्ये लोकनियुक्त सरकार गुंडाळलं आणि लंडनने नेमलेलं कमिशन कारभार पाहू लागलं. आमच्या प्रशासकासारखंच.

पण नंतरची वाट वेगळी. 1946 मध्ये निवडलेल्या प्रतिनिधींचं अधिवेशन बसलं, त्यातले वाद रेडिओवरून घरोघर ऐकवले गेले. मग मतदान. 3 जून 1948 ला तीन पर्याय ठेवले : पुन्हा स्वतःचं सरकार 44.6 टक्के, कॅनडात जाणं 41.1 टक्के, कमिशन चालू ठेवणं 14.3 टक्के. कोणालाच बहुमत नाही. 22 जुलैला वरच्या दोघांत पुन्हा मतदान, आणि कॅनडा 52.3 टक्क्यांनी जिंकलं.

हे सगळं सोवळ्यातलं होतं असं समजू नका. कॅनडाचा पर्याय मतपत्रिकेवर ठेवायला प्रतिनिधींच्या अधिवेशनाने नकार दिला होता, तो लंडनने ठेवला. ठेवला नसता तर निकालच वेगळा लागला असता. प्रश्न कोण लिहितो, पर्याय किती ठेवतो, यावर अर्धी लढाई ठरते. 2014 च्या स्कॉटलंडमध्ये म्हणूनच आधी दोन सरकारांनी करार केला, प्रश्नाचे शब्द तपासून घेतले, 16 वर्षांच्या पोरांनाही मत दिलं. मग 18 सप्टेंबरला 55.3 विरुद्ध 44.7 असा निकाल लागला. हरलेल्यांना निकाल कडू लागला, पण मतदान झालंच नाही असं कोणी म्हणू शकलं नाही.

आपल्याकडे मतदान अशक्य होतं का? जुनागडमध्ये फेब्रुवारी 1948 मध्ये घेतलं होतं, तिथल्या नवाबाने पाकिस्तान निवडल्यानंतर. म्हणजे उत्तर काय येणार हे माहीत होतं तिथे घेतलं. कोल्हापुरात प्रौढ मतदानाच्या याद्या तेव्हा तयार नव्हत्या, ही अडचण खरी. वर्षभरापूर्वी पेटलेल्या गावात असा प्रश्न टाकला असता तर तो जातीवर लढला गेला असता, हा धोकाही खरा. आणि घेतलं असतं तर विलीनीकरणच जिंकलं असतं, असं माझं अनुमान आहे. तरीही न घेतल्याने एक गोष्ट कायमची गेली. कोल्हापूरने ‘आम्ही या अटींवर आलो’ असं म्हणण्याची सोय गेली.

कारण न्यूफाउंडलंडचा खरा धडा मतदानात नाही, अटींच्या यादीत आहे. त्यांच्या कराराला कलमं आहेत, आणि ती कॅनडाच्या राज्यघटनेचा भाग आहेत. बत्तिसावं कलम म्हणतं, मुख्य भूमी ते बेट ही बोटसेवा कॅनडा चालू ठेवील. सत्राव्या कलमात धर्मवार शाळांना संरक्षण. ते बदलताना 1990 च्या दशकात पुन्हा लोकांचं मत घेतलं गेलं. आणि सेहेचाळिसावं कलम चक्क मार्गारीनबद्दल आहे. कॅनडात लोण्याला पर्याय म्हणून बनणाऱ्या या चरबीवर दूधवाल्यांच्या हितासाठी बंदी होती, न्यूफाउंडलंडची गरीब माणसं तीच खात, म्हणून ती बनवायची-विकायची मुभा करारात लिहून घेतली. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात. हसू द्या. ताटातली गोष्ट घटनेत नेऊन बसवणाऱ्याला घासाघीस कळत होती.

आपल्या करारात काय होतं

संस्थानांच्या विलीनीकरण करारांत कोणत्या गोष्टींची हमी असे? राजाचा तनखा, म्हणजे सरकारकडून मिळणारी सालाची रक्कम. राजाची खाजगी मालमत्ता. राजाचे मानमरातब. गादीचा वारसा रूढीप्रमाणे चालेल हे वचन. म्हणजे बोलणी एका माणसाशी झाली आणि हमीही त्याच माणसाला मिळाली. प्रजेच्या बोटसेवेचं, प्रजेच्या मार्गारीनचं कलम कोण घालणार? प्रजेचं मंत्रिमंडळ वर्षापूर्वीच गेलं होतं. प्रजापरिषदेचं दुर्दैव हेच, की ज्या टेबलावर अटी लिहायच्या त्या टेबलावर बसण्याची वेळ आली, तेव्हा कोल्हापूरच्या बाजूची खुर्ची पुन्हा एकट्या महाराजांची झाली होती.

बरं, जे लिहिलं तेही टिकाऊ नव्हतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 291 आणि 362 मध्ये तनखा आणि विशेषाधिकार मान्य केले, आणि लगोलग अनुच्छेद 363 मध्ये सांगितलं, की अशा करारांवरून उठणारे वाद कुठल्याही कोर्टात चालणार नाहीत. एका हाताने दिलेली चावी दुसऱ्या हाताने ठेवून घेतली. 1971 मध्ये 26 व्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. त्या दुरुस्तीला सुप्रीम कोर्टात आव्हान देणाऱ्यांत कुरुंदवाडच्या राजघराण्यातले होते; कुरुंदवाड म्हणजे आपल्या शिरोळ तालुक्यातलं. 1993 मध्ये कोर्टाने दुरुस्ती वैध ठरवली. तनखे गेल्याचं मला काडीचं दुःख नाही. पण 291 आणि 362 पुसले गेले आणि 363 आजही जागेवर आहे.

विलीनीकरणाने दिलेलंही मोजायला हवं, नाहीतर हे नुसतं रडगाणं होईल. 1952 मध्ये प्रत्येक सज्ञान बाई-पुरुषाच्या हाती मत आलं. 1953 च्या कायद्याने विलीन मुलखातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या. कुळकायदा आला. वेगळ्या कोल्हापुरात हे झालंच नसतं असं नाही, पण कागल-बावड्याच्या जहागीरदारांना डावलून इतक्या लवकर झालं असतं, यावर मी पैज लावणार नाही. राजाराम रायफल्स मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, पलटण म्हणून टिकली.

रायबाग-कटकोळची गोष्ट वेगळी. ते तुकडे बेळगाव जिल्ह्याला जोडले गेले आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगावबरोबर म्हैसूर राज्यात गेले. त्याच वेळी चंदगड बेळगावहून कोल्हापूरला आलं. संस्थानाची हद्द मिटली ती मुंबईत जायला, आणि सात वर्षांत त्यातला एक भाग तिसऱ्याच राज्यात. असा तुकडा तुटू नये, एवढी अट जरी कोणी लिहून घेतली असती तरी 1956 मध्ये ती कितपत टिकली असती, माहीत नाही; पण लिहून घ्यायला माणूसच नव्हता.

हायकोर्ट

सगळ्यात ठळक नुकसान कोर्टाचं. संस्थानचं हायकोर्ट विलीनीकरणाबरोबर संपलं आणि अपील मुंबईला गेलं. चंदगडच्या शेतकऱ्याला किंवा गगनबावड्याच्या निवृत्त शिक्षकाला त्याचा अर्थ असा : रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी दादरला उतरून कुणा नातेवाइकाच्या खोलीवर अंघोळ, फोर्टातल्या वकिलाची फी, आणि साडेचारला ‘बोर्डावर आलं नाही, पुढची तारीख’. मग परत रात्रीची गाडी. वकिलांनी खंडपीठासाठी चार दशकांच्या आसपास आंदोलनं केली, काम बंद ठेवलं, मोर्चे काढले. नागपूर, औरंगाबाद, पणजी इथे खंडपीठं झाली. कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 ला सर्किट बेंच मिळालं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याखाली येतात. 1949 ते 2025. एका ओळीचं कलम नसल्याचा हा हिशेब.

त्या बेंचच्या उद्घाटनाला गुलाल उधळला गेला आणि तो रास्तच होता. पण आम्ही वर्गात अधिसूचना वाचायला घेतली. ती आहे राज्यपुनर्रचना कायदा, 1956 च्या कलम 51 च्या पोटकलम 3 खाली, म्हणजे मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने काढलेला आदेश. त्याच कलमाच्या पोटकलम 2 खाली कायम खंडपीठ होतं, त्याला राष्ट्रपतींचा आदेश लागतो. तो अजून नाही, आणि वकिलांची आता मागणी त्याचीच आहे.